पहिला प्रोग्रॅम गोंडपिपरीच्या पावसावर : गोंडवाना विद्यापीठाला खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू आणि सर्व अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य,
गोंडवाना विद्यापीठ, गडचिरोली

विषय : पदवीच्या पहिल्या वर्षी प्रोग्रॅमिंग आणि माहितीचे विश्लेषण चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या नोंदींवर शिकवण्याबाबत

संगणकाला काम सांगताना त्या कामाच्या पायऱ्या इतक्या स्पष्ट लिहाव्या लागतात की लिहिणारा समोर नसला तरी काम तसेच व्हावे. अशा पायऱ्यांची मांडणी म्हणजे प्रोग्रॅम. माहितीचे विश्लेषण म्हणजे नोंदींच्या ढिगातून एका नेमक्या प्रश्नाचे उत्तर काढणे आणि त्या उत्तरावर किती विसंबावे हेही सांगणे. ही दोन्ही कौशल्ये एकत्र शिकवली तर लवकर अंगवळणी पडतात. नुसते प्रोग्रॅमिंग शिकवले की ते पडद्यावर चांदण्यांचे त्रिकोण छापणे आणि मूळ संख्या शोधणे एवढ्यावर अडकते. नुसते संख्याशास्त्र शिकवले की सूत्रे पाठ होतात, पण हजार ओळींची खरी नोंदवही समोर आली की हात थांबतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २७ सप्टेंबर २०११ रोजी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. दोन जिल्ह्यांपुरते विद्यापीठ असण्याचा मोठा फायदा असा की अभ्यासक्रम या मुलखाच्या मातीतून उभा करता येतो. या पत्रातील मागणी एकच आहे : कला, वाणिज्य, विज्ञान अशा प्रत्येक शाखेच्या पहिल्या वर्षी प्रोग्रॅमिंग आणि विश्लेषणाचा एक प्राथमिक अभ्यासक्रम असावा, तो मराठीतून समजावला जावा आणि त्यातील प्रत्येक उदाहरण इथल्या नोंदींतून यावे. तो कसा रचता येईल हे गोंडपिपरी तालुका समोर ठेवून पुढे मांडले आहे.

गोंडपिपरी हा चंद्रपूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा तालुका. एका अंगाला वर्धा, दुसऱ्या अंगाला वैनगंगा. दोघींच्या संगमानंतर प्राणहिता सुरू होते. वर्धेपलीकडे तेलंगणा, वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्हा. धान, कापूस, सोयाबीन, तूर ही पिके आणि उरलेले जंगल. अशा तालुक्यात माहिती नाही, असे बाहेरच्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात इथे नोंदींचा पूर येतो. महसूल मंडळाचे पर्जन्यमान, तलाठ्याची पीक पाहणी आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर भरायची ई-पीक पाहणी, आशाताईंच्या नोंदवह्या, वनविभागाचे पंचनामे, तेंदूपत्त्याच्या फळीवरचे हिशेब, नदीवरच्या केंद्रीय जल आयोगाच्या केंद्रांतील पाण्याची पातळी. या सगळ्या नोंदी गावातून वर जातात. वरून खाली येतो तो आकडा, आणि तो कसा निघाला हे गावातल्या पदवीधरालाही सांगता येत नाही. गडचिरोली जिल्हा २०१८ पासून देशातील ११२ आकांक्षित जिल्ह्यांत आहे. ४९ निर्देशकांवर त्याची क्रमवारी लागते. ज्या जिल्ह्याची अशी मोजदाद होते, त्या जिल्ह्यातील तरुणांना मोजदादीची रीत ठाऊक असणे हा त्यांचा हक्क आहे.

सुरुवात दोन भागाकारांनी व्हावी. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या २२,०४,३०७ आणि क्षेत्रफळ ११,४४३ चौरस किलोमीटर. गडचिरोलीची लोकसंख्या १०,७२,९४२ आणि क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. प्रोग्रॅममध्ये या चार आकड्यांना चार नावे द्यायची. नाव दिलेल्या अशा साठ्याला चल म्हणतात. मग भागाकार करायचा. चंद्रपूरची घनता दर चौरस किलोमीटरला १९३, गडचिरोलीची ७४. आता दोन्ही जिल्हे मिळून घनता किती, असा प्रश्न विचारला की बहुतेक विद्यार्थी १९३ आणि ७४ यांची सरासरी काढतात : १३३.५. हे उत्तर चूक आहे. दोन्ही लोकसंख्या मिळवून दोन्ही क्षेत्रफळांच्या बेरजेने भागले की १२७ येते. गडचिरोलीचे क्षेत्र मोठे असल्याने त्याचे वजन जास्त पडते. सरासऱ्यांची सरासरी काढण्याची ही चूक गावांवरून तालुक्याचा आणि तालुक्यांवरून जिल्ह्याचा आकडा काढताना सहज होते. पहिल्याच तासाला ती हाताने करून पाहिलेला विद्यार्थी पुढे प्रत्येक सरासरीपाशी थबकतो, आणि विश्लेषणात ही थबकण्याची सवय फार मोलाची असते.

यानंतर पाऊस. एका महिन्याच्या एकतीस नोंदी म्हणजे एकतीस चले करण्याऐवजी एकच यादी करायची. यादीतील प्रत्येक नोंदीपाशी जाऊन तेच काम पुन्हा करणे म्हणजे आवर्तन. एखादी गोष्ट खरी असेल तरच पुढचे करणे म्हणजे अट. यादी, आवर्तन आणि अट या तिघांवर प्राथमिक प्रोग्रॅमिंगचा बहुतांश डोलारा उभा आहे, आणि पावसाच्या नोंदीत तिन्ही एकाच वेळी लागतात.

समजा, दोन महसूल मंडळांत जुलै महिन्यात प्रत्येकी ३१२ मिलिमीटर पाऊस झाला. एका मंडळात चोवीस दिवस रोज १३ मिलिमीटर पडला. दुसऱ्यात फक्त चार दिवस पडला, रोज ७८ मिलिमीटर. एकूण बेरीज सारखी, दैनिक सरासरीही दोन्हीकडे सुमारे १० मिलिमीटर. आकड्यांच्या लेखी दोन्ही मंडळे जुळी भावंडे. शेतात मात्र एकीकडे धानाचे पऱ्हे तरारून रोवणी वेळेवर झाली आणि दुसरीकडे बांध्या फुटल्या. महाराष्ट्रात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी मानतात आणि नुकसानीच्या मदतीचा विचार त्या निकषाशी जोडलेला असतो. म्हणून विद्यार्थ्याने लिहायचा पहिला उपयुक्त प्रोग्रॅम असा : यादीतल्या प्रत्येक दिवसाकडे पाहा, पाऊस ६५ पेक्षा जास्त असेल तर मोजणीत एक मिळवा, शेवटी मोजणी सांगा. पहिल्या मंडळाचे उत्तर शून्य, दुसऱ्याचे चार. जेमतेम पाच-सहा ओळींचे हे काम आहे. या ओळींना एक नाव देऊन त्या पुन्हा पुन्हा वापरता येतील अशा केल्या की त्यांचे फंक्शन होते, आणि तेच फंक्शन दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक मंडळावर आणि गेल्या वीस वर्षांच्या प्रत्येक जुलैवर चालते.

हेच काम स्प्रेडशीटमध्येही होते, मग प्रोग्रॅम कशाला, हा प्रश्न रास्त आहे. स्प्रेडशीट अवश्य शिकवावी, तीही आधी. पण स्प्रेडशीटमध्ये कोणी कोणत्या रकान्यात काय बदलले याचा माग सहसा राहत नाही. प्रोग्रॅममध्ये कच्ची नोंद जशीच्या तशी राहते आणि तिच्यावर केलेली प्रत्येक क्रिया ओळीओळीने लिहिलेली असते. तहसील कार्यालयाने काढलेला आकडा गावातल्या मुलीने त्याच नोंदींवरून पुन्हा काढून पाहिला आणि फरक आला, तर फरक कोणत्या ओळीत आहे हे दोघांनाही बोट ठेवून दाखवता येते. वाद माणसांवरून हटतो आणि ओळीवर येतो.

पावसाच्या वहीत आणखी एक धडा दडलेला असतो. पाऊस पडला नाही म्हणून शून्य आणि नोंद झालीच नाही म्हणून रिकामी जागा, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. वहीत कधी आडवी रेघ असते, कधी ‘निरंक’ लिहिलेले असते, कधी काहीच नसते. संगणकात भरताना सगळ्यांचे शून्य केले की पर्जन्यमापक बिघडलेला आठवडा कोरड्या आठवड्यासारखा दिसू लागतो आणि पावसाचा खंड नसताना खंड पडतो. कोणत्या खुणेचा अर्थ काय, हे वही लिहिणाऱ्याला विचारावे लागते. पुस्तकात याचे उत्तर नसते. म्हणूनच या अभ्यासक्रमात नोंद ठेवणाऱ्या माणसाशी बोलणे हे प्रयोगशाळेतील कामाइतकेच गुण मिळवून देणारे असावे.

मराठी नोंदी संगणकात येताना ज्या अडचणी येतात त्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत सापडत नाहीत, त्यामुळे त्यांवर इथे थोडे थांबायला हवे. ‘गोंडपिपरी’ हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसतो. पायथन या भाषेला त्याची लांबी विचारली तर उत्तर ९ येते, कारण अक्षरांना संगणकीय क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार हे स्वतंत्र मोजले जातात. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीने साठवताना प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण २७. हे माहीत नसेल तर नावाची पहिली काही अक्षरे कापून घेणारा प्रोग्रॅम वेलांटी तोडून टाकतो आणि विद्यार्थ्याला वाटते संगणकच बिघडला.

देवनागरी अंकांचेही तसेच. ‘१२’ असे देवनागरीत लिहिलेल्या मजकुराचे पायथन संख्येत रूपांतर करू शकते, पण ते रूपांतर सांगावे लागते. न सांगता ‘१२’ आणि ‘१३’ यांची बेरीज केली तर २५ येत नाही; दोन मजकूर शेजारी चिकटून ‘१२१३’ तयार होते. पंचवीस मिलिमीटर पावसाचा बाराशे तेरा झालेला पाहिला की संख्या आणि मजकूर यांतला भेद विद्यार्थी जन्मभर विसरत नाही.

त्याहून छुपी अडचण रफाराच्या भावंडाची आहे. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन वेगळ्या रीतींनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. यादीत शोध घेतला की निम्मी नावे सापडतात आणि निम्मी गायब होतात. गावांच्या नावांत तर लेखनभेदच असतात : सरकारी कागदांत गोंडपिपरी आणि गोंडपिंपरी अशी दोन्ही रूपे आढळतात, आणि रोमन लिपीत त्यांची आणखी तीन-चार होतात. पावसाची यादी एका रूपाने आणि पिकांची यादी दुसऱ्या रूपाने लिहिलेली असेल तर दोन याद्या जोडताना तो तालुकाच गळतो. उपाय जुना आणि साधा आहे : नावावर जोडू नये, जनगणनेने किंवा पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेने प्रत्येक गावाला दिलेल्या क्रमांकावर जोडावे. जुन्या संगणकांत शिवाजी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फाँटांमध्ये टंकलेल्या फायली अजून पडून आहेत. त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतात. नोंदी स्वच्छ करण्याचे हे काम कंटाळवाणे मानून पाठ्यपुस्तके आधीच धुऊन पुसून ठेवलेली माहिती हाती देतात. पण प्रत्यक्ष कामात बहुतेक वेळ याच साफसफाईत जातो. मराठी नोंदींची साफसफाई उत्तम जाणणारी मुले गोंडपिपरीत तयार झाली तर पुण्या-मुंबईच्या संस्थांनाही त्यांची गरज पडेल.

आता पैसेवारी. गावातील पिकाचे सर्वसाधारण उत्पन्न शंभर पैसे धरून यंदा त्यातले किती पैसे हाती आले, हे नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा टप्प्यांनी ठरते. पन्नास पैशांच्या खाली गेलेल्या गावाला टंचाईच्या सवलती लागू होतात. जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, वीजबिलात सवलत, आणि या पत्राशी थेट संबंध असलेली विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी. एका आकड्यावर एवढे अवलंबून असते. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने पाऊस, जमिनीतील ओल, उपग्रहावरून मोजलेला पिकाचा हिरवेपणा असे निर्देशक दुष्काळ ठरवण्यासाठी पुढे आणले. पण गावच्या चावडीवर चर्चा अजून पैसेवारीचीच होते.

अशा अंदाजात शेते कोणती निवडली यावर सगळे ठरते. मोजायला सोयीचे म्हणून रस्त्याकाठचे, विहिरीजवळचे, ओळखीच्या माणसाचे शेत घेतले तर अंदाज वरच्या बाजूला झुकतो. जंगलाच्या कडेची, रानडुकरांनी तुडवलेली बांधी मोजणीत येतच नाही. या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर देणारा माणूस मराठी होता. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेत काम करताना यादृच्छिक निवडीवर आधारलेली पीक कापणी प्रयोगांची पद्धत देशभर रुजवण्यात मोठा वाटा उचलला. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत सांख्यिकीचे काम पाहू लागले. वि. गो. पानसे आणि सुखात्मे यांचा शेतीविषयक संख्याशास्त्रावरचा ग्रंथ १९५४ साली निघाला आणि कृषी महाविद्यालयांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. आजही पीक विम्यात उत्पन्न ठरवताना पीक कापणी प्रयोग करतात.

यादृच्छिक निवड म्हणजे मनाला येईल ते शेत नव्हे. प्रत्येक शेताला निवडले जाण्याची ठरावीक संधी असणे, म्हणजे यादृच्छिक निवड. प्रोग्रॅममध्ये हे डोळ्यांनी पाहता येते. दोनशे शेतांचे एक काल्पनिक गाव रचायचे, प्रत्येकाला उत्पन्न द्यायचे. मग संगणकाकडून चार शेते निवडून सरासरी काढायची, आणि हे हजार वेळा करायचे. हजार सरासऱ्या खऱ्या आकड्याभोवती कशा पसरतात ते आलेखावर दिसते. चारऐवजी सोळा शेते घेतली की पसारा निम्मा होतो, एक-चतुर्थांश नव्हे. नमुना किती मोठा हवा हा प्रश्न सूत्राने पटवायला आठवडा लागतो. हा प्रयोग एका तासात होतो. आणि पन्नास पैशांच्या उंबरठ्यावर ४९ आणि ५१ या दोन गावांत खरोखर फरक आहे की तो निवडीचा खेळ आहे, हा प्रश्न विद्यार्थी आपणहून विचारू लागतात.

विश्लेषणाने काय होऊ शकते याचा या विद्यापीठाच्या परिसरातील सर्वांत थोर दाखला गडचिरोलीचाच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावागावांत जन्म आणि मृत्यू यांची काटेकोर नोंद ठेवली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोगाचा विकार आढळला होता. त्याआधी हे दुखणे कुणी मोजलेच नव्हते, म्हणून ते नाहीच असे धरले जात होते. १९९९ साली त्याच नियतकालिकात घरोघरी नवजात बालकांच्या काळजीचा अभ्यास आला. ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी घरी जाऊन बाळांची काळजी घेतली. शेजारच्या ४७ गावांत ती व्यवस्था नव्हती, नोंद मात्र तशीच ठेवली होती. तिसऱ्या वर्षी पहिल्या गावांतील नवजात मृत्युदर दर हजारी २५.५ पर्यंत उतरला आणि तुलनेच्या गावांच्या मानाने निव्वळ घट ६२ टक्के भरली. पुढे हीच रीत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशाने स्वीकारली.

या अभ्यासातून दोन गोष्टी शिकवाव्यात. पहिली तुलनेची. ३९ गावांतले मृत्यू कमी झाले एवढेच सांगितले असते तर कुणीही म्हणाले असते की रस्ते झाले, पाऊसपाणी बरे झाले, म्हणून झाले असेल. शेजारच्या ४७ गावांना तेच रस्ते आणि तेच पाऊसपाणी होते. तिथला दर तसा उतरला नाही, म्हणून श्रेय काळजीला गेले. दुसरी गोष्ट लहान आकड्यांची, आणि ती वनजिल्ह्यांत विशेष जपून शिकवायला हवी. इथली गावे लहान आहेत. ज्या गावात वर्षाला वीस बाळे जन्मतात तिथे एक दगावले तर मृत्युदर हजारी ५० होतो, दोन दगावली तर १००, एकही नाही तर शून्य. एका वर्षी शून्य आणि पुढच्या वर्षी शंभर आलेला पाहून गावाला शाबासकी किंवा दूषण देणे हा अन्याय आहे. दर मोजायचा तर पुष्कळ गावे आणि पुष्कळ वर्षे एकत्र घ्यावी लागतात. ३९ गावे एकत्र का घेतली, याचे उत्तर विद्यार्थ्याने असेच एक काल्पनिक गाव संगणकावर दहा वर्षे चालवून स्वतः शोधावे. हिवतापाच्या दर हजारी रुग्णांची गणतीही याच कसोटीवर वाचायची असते.

वाघांची गणना हा विज्ञान शाखेला हमखास आवडणारा विषय. ताडोबा हे १९५५ पासूनचे राष्ट्रीय उद्यान. १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांनी ३,४८,५८,६२३ छायाचित्रे टिपली आणि त्यांतली वाघांची होती ७६,६५१. म्हणजे साधारण साडेचारशे छायाचित्रांमागे एक वाघाचे. साडेतीन कोटी छायाचित्रे माणसांनी एकेक करून पाहणे अशक्य. प्राणी ओळखून वर्गवारी करणारे आणि पट्ट्यांवरून एकच वाघ पुन्हा ओळखणारे प्रोग्रॅम त्यासाठी वापरले गेले. पण कॅमेऱ्यात न आलेले वाघ कसे मोजायचे? त्यामागचे मूळ गणित सोपे आहे. पहिल्या फेरीत २० वेगवेगळे वाघ दिसले, दुसऱ्या फेरीत २५, आणि त्या पंचविसांपैकी १० आधीच्या फेरीतले निघाले. म्हणजे पहिल्या फेरीने एकूण वाघांपैकी पाचांत दोन एवढे पकडले होते; तेव्हा एकूण सुमारे ५०. प्रत्यक्ष गणनेतील प्रतिमाने यापेक्षा बरीच गुंतागुंतीची असतात, तरी बीज हेच. शेताच्या कुंपणाशी वाघ पाहिलेल्या मुलांना हे गणित शिकण्यासाठी निराळी गोडी लावावी लागत नाही.

तेंदूपत्त्याच्या हंगामाचा उल्लेख थोडक्यात पुरे. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात. कुटुंबवार पुडे, दर, दिलेली रक्कम, राहिलेली रक्कम, पुढे येणारी रॉयल्टी. वनहक्क आणि पेसा कायद्यांमुळे अनेक ग्रामसभा आता हा व्यवहार स्वतः पाहतात. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार. अभ्यास गट करून शिकत राहण्याची त्या गावाची रीत त्याहून जुनी. ग्रामसभेचा हिशेब प्रत्येक घराला समजेल असा दर आठवड्याला छापून देणारा एक छोटा प्रोग्रॅम, हा दुसऱ्या सत्राचा प्रकल्प होऊ शकतो. मात्र अशा नोंदी ग्रामसभेच्या मालकीच्या आहेत. त्या वापरायच्या तर ग्रामसभेची परवानगी आणि निष्कर्ष आधी ग्रामसभेत मांडणे, हे दोन नियम अभ्यासक्रमातच लिहिलेले असावेत. नाव खोडले म्हणजे माणूस लपला, ही समजूतही इथे चालत नाही. चाळीस घरांच्या टोल्यात ‘वय बासष्ट, स्त्री, क्षयरोग’ एवढे वाचले की सगळ्या गावाला ती कोण ते कळते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलमांपेक्षा हे एक उदाहरण विद्यार्थ्याला जास्त शिकवते.

साधनांचा प्रश्न दिसतो तेवढा बिकट नाही. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००१ पासून एमएस-सीआयटीच्या रूपाने तालुक्यातालुक्यांत संगणक नेला. लाखो मुले माऊस धरायला, पत्र टंकायला, तक्ते करायला शिकली. वापर शिकवण्याचे ते काम मोठे होते. आता पुढची पायरी चढायची आहे. नेदरलँड्सचे गिदो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसृत केलेली पायथन ही भाषा फुकट आहे, जुन्या संगणकावर चालते आणि इंटरनेटशिवाय चालते. अँड्रॉइड मोबाईलवरही ती चालवता येते, आणि गोंडपिपरीच्या आसपासच्या गावांत पोरांच्या हाती संगणक नसला तरी मोबाईल असतो. तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस फुकट. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरवरचे छोटे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत केले आहेत, आणि ते पेनड्राइव्हवर घेऊन नेट नसलेल्या ठिकाणीही दाखवता येतात.

भाषेचा बाऊ मात्र होतो. पायथनमधील राखीव इंग्रजी शब्द जेमतेम पस्तीस आहेत आणि सुरुवातीला त्यांतले डझनभर पुरतात. चलांची नावे देवनागरीत देता येतात. २००८ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून ही सोय आहे. ‘पाऊस’, ‘मंडळ’, ‘अतिवृष्टी_दिवस’ अशी नावे असलेला प्रोग्रॅम बांधावरच्या माणसालाही अर्धा वाचता येतो. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी अडतो तो चूक झाल्यावर येणाऱ्या लांबलचक इंग्रजी संदेशापाशी. असे वारंवार येणारे संदेश आणि प्रत्येकाचा मराठी अर्थ, कारण आणि उपाय सांगणारी पुस्तिका विद्यापीठाने काढावी. आठ-दहा पानांत ती मावेल आणि महागड्या प्रयोगशाळेपेक्षा जास्त उपयोगी पडेल. गोंडी आणि माडिया बोलणाऱ्या मुलांसाठी तिच्या आवृत्त्या निघाल्या तर फारच चांगले.

आता मोबाईलवरची कृत्रिम बुद्धिमत्ता मागताक्षणी प्रोग्रॅम लिहून देते, तेव्हा हे सगळे शिकायचे कशाला, असे विचारले जाते. त्या प्रोग्रॅमला ‘निरंक’ म्हणजे काय ते ठाऊक नसते. त्याने सरासऱ्यांची सरासरी काढली तर ती पकडणारा माणूस लागतो. लिहिणे सोपे झाले म्हणून वाचणे आणि पडताळणे अधिक नीट शिकवावे लागेल, आणि ते स्वतः चार प्रोग्रॅम लिहिल्याशिवाय येत नाही.

परीक्षा बदलली नाही तर यातले काहीच टिकणार नाही. संगणकाच्या पिढ्या सांगा, प्रोग्रॅमची व्याख्या लिहा, असे प्रश्न विचारले गेले तर मार्गदर्शके खपतील आणि नोंदवह्या बंद राहतील. त्याऐवजी विद्यार्थ्यासमोर मुद्दाम खोट ठेवलेली शंभर ओळींची नोंद आणि एक चुकीचा निष्कर्ष ठेवावा, आणि खोट शोधायला सांगावे. पन्नास टक्के गुण अशा प्रात्यक्षिकाला, तीस टक्के आपल्या गावच्या किंवा मंडळाच्या नोंदींवरील प्रकल्पाला, उरलेले लेखी परीक्षेला, अशी विभागणी योग्य ठरेल. शिकवणारे केवळ संगणकशास्त्राचेच असावेत असा आग्रह धरू नये, कारण तालुक्याच्या महाविद्यालयांत ते मिळत नाहीत. भूगोल, अर्थशास्त्र, वनस्पतिशास्त्र, वाणिज्य यांच्या अध्यापकांना उन्हाळी सुटीत तीन आठवड्यांचे प्रशिक्षण द्यावे, आणि प्रशिक्षणात त्यांनीही आपल्या तालुक्याची एक नोंदवही स्वतः स्वच्छ करून दाखवावी. विद्यार्थ्यांनी स्वच्छ केलेल्या, परवानगी घेतलेल्या, खासगी तपशील काढलेल्या नोंदी दरवर्षी विद्यापीठाने एका जागी जमा कराव्यात, प्रत्येकीबरोबर ती कोणी, कुठे, कशी ठेवली याचे एक पान जोडून. पुढच्या वर्षीची तुकडी त्याच नोंदींवर सुरुवात करील. पर्जन्यमान आणि पैसेवारी यांच्या वीस वर्षांच्या मंडळवार नोंदी मिळवण्यासाठी विद्यापीठाने दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांशी आणि नदीच्या पातळीसाठी जल आयोगाशी या शैक्षणिक वर्षातच लेखी करार करावा, म्हणजे वैनगंगेकाठच्या आष्टी केंद्रावरील पाणी आणि गोंडपिपरीच्या मंडळांतील पाऊस एका तक्त्यात शेजारी शेजारी ठेवून पहिला वर्ग जुलैमध्ये सुरू करता येईल.

गोंडपिपरी, जि. चंद्रपूर